बाह्य उपशीर्षकांचे दोष व त्यांची ऐतिहासिक मीमांसा : धडगाव परिसरातील चलच्चित्रांच्या संदर्भात

१

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठाणे धडगाव हे सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा सारा प्रदेश धुळे जिल्ह्यात मोडत होता. पावरा व भिल्ल या समाजांची येथे बहुसंख्या असून पावरी व भिलीची इतर रूपे या त्यांच्या नित्य व्यवहाराच्या भाषा होत. सरदार सरोवरामुळे बाधित झालेली महाराष्ट्रातील ३३ गावे अक्राणी व अक्कलकुवा या दोनच तालुक्यांतील आहेत. १५ सप्टेंबर २०१९ रोजी हा जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोचला, आणि नदीकाठची कित्येक शेते, पाडे व वाटा केवळ स्मृतीचा व नोंदींचा विषय होऊन राहिल्या.

या नोंदींमध्ये चलच्चित्रांचे स्थान मोठे आहे. आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांचे ‘नर्मदा डायरी’ (१९९५), झरणा झवेरी व अनुराग सिंग यांचे ‘कैसे जीबो रे’ (१९९७), संजय काक यांचे ‘वर्ड्स ऑन वॉटर’ (२००२) आणि फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचे ‘ड्राउन्ड आउट’ (२००२) हे अनुबोधपट नर्मदेच्या खोऱ्याविषयीचे आहेत. अशा चित्रणात खोऱ्यातील माणसे आपापल्या भाषेत बोलतात. खोऱ्याबाहेरच्या प्रेक्षकाला ते बोलणे कळते ते पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळींमुळे. या ओळींना शास्त्रीय भाषेत उपशीर्षके व बोलीत सबटायटल म्हणतात. त्या चित्रातच कोरलेल्या नसून वेगळ्या फाइलीत ठेवलेल्या असल्या म्हणजे त्यांना बाह्य उपशीर्षके म्हणावयाचे.

संगणकावर अशी बाह्य उपशीर्षके लावून चित्रफीत पाहू जाता नाना विघ्ने उद्भवतात. ओळी उमटतच नाहीत, उमटल्या तर संभाषणाच्या मागे-पुढे पडतात, देवनागरीच्या जागी चौकटी किंवा परकी चिन्हे दिसतात, जोडाक्षरे फुटतात, नाही तर चित्रच अडखळू लागते. ही सारी विघ्ने यंत्राच्या लहरीची मानण्याचा प्रघात आहे. तो सोडून देणे इष्ट. यांतील बहुतेक दोषाच्या मुळाशी कोणत्या तरी काळी, कोणत्या तरी स्थळी घेतला गेलेला एक निर्णय असतो. तो निर्णय ओळखता आला की दोषाचे निवारणही बहुधा साधते. इतिहासाच्या अभ्यासकाला तर या प्रश्नाची विशेष निकड आहे. कारण ज्याची भाषा संशोधकाला येत नाही अशा साक्षीदाराचे म्हणणे त्याच्यापर्यंत पोचविणारा एकमेव दुवा पुष्कळदा ही काही किलोबाइटांची मजकूर-फाइलच असते.

२

चित्र व शब्द यांची ताटातूट कशी झाली हे प्रथम पाहिले पाहिजे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात शब्द हे चित्राच्या मधोमध येणाऱ्या पाट्यांच्या रूपाने होते. पाटी हा फिल्मचाच तुकडा असल्यामुळे ती बदलावयाची तर फिल्म कापून दुसरी पाटी जोडली की काम होई. १९३१ साली ‘आलम आरा’ व १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले, आणि पाटीची जागा ध्वनीने घेतली. भाषेची भिंत मात्र त्यामुळे अधिकच उंच झाली. याच सुमारास युरोपात चालत्या चित्रावर, त्याच्या तळाशी, अक्षरे उमटविण्याच्या यांत्रिक व रासायनिक पद्धती रूढ झाल्या. त्यांत फिल्मवरील थर खरवडून किंवा विरघळवून अक्षर काढले जाई. असे अक्षर चित्रापासून कधी अलग होत नसे. परंतु त्यात चूक राहिली तर ती दुरुस्तही होत नसे.

१९९६ मध्ये जपानात डीव्हीडी प्रथम बाजारात आली आणि एका चित्रपटासोबत उपशीर्षकांच्या ३२ पर्यंत मालिका ठेवण्याची सोय झाली. तथापि त्या मालिकांतील अक्षरे ही अक्षरे नव्हतीच; ती अक्षरांची चित्रे होती. त्या चित्रांवरून मजकूर ओळखून तो साध्या फाइलीत उतरवून घेणारी ‘सबरिप’ नावाची आज्ञावली २००० च्या सुमारास प्रचारात आली. तिच्या नावावरून एसआरटी हा फाइलीचा प्रकार रूढ झाला. त्याची रचना कमालीची साधी आहे. प्रथम अनुक्रमांक, मग आरंभ व शेवट यांची तास-मिनिट-सेकंद व सेकंदाचा सहस्रांश अशी वेळ, त्याखाली मजकूर, आणि शेवटी एक कोरी ओळ.

या साधेपणातच गुण आहे आणि उणीवही आहे. कोणालाही साध्या मजकूर-संपादकात ती फाइल उघडून चूक सुधारता येते, आणि एकाच चित्रफितीला मराठी, इंग्रजी व पावरी अशा तीन फाइली जोडता येतात. परंतु मजकूर कोणत्या लिपिसंकेतात लिहिला आहे, तो कोणत्या गतीच्या चित्रफितीसाठी बेतला आहे, त्याची भाषा कोणती, याविषयी ती फाइल स्वतः काहीच सांगत नाही. फिल्मवर कोरलेल्या अक्षराला हे प्रश्न पडत नव्हते. ताटातूट झाल्यावर चित्र व शब्द यांच्यामध्ये एक करार अध्याहृत राहिला. काळ, संकेत, आकार व नाव ही त्या कराराची चार कलमे होत. पुढील दोषांचे वर्गीकरण याच क्रमाने केले आहे.

३

काळाचा दोष दोन प्रकारचा असतो आणि दोहोंत गल्लत केल्यास उपाय वाया जातो. पहिल्या प्रकारात सर्व ओळी सारख्याच अंतराने मागे किंवा पुढे असतात. चित्रफितीच्या आरंभी एखादी संस्थेची पाटी जोडली किंवा काढून टाकली असली म्हणजे असे होते. प्लेअरमध्ये उपशीर्षकांचा विलंब तितक्या सेकंदांनी कमी-अधिक केला की हा दोष नाहीसा होतो. दुसऱ्या प्रकारात आरंभी ओळी जुळतात, पण अंतर वाढत जाते. येथे विलंब बदलून उपयोग नाही. कारण दोष आरंभबिंदूचा नसून गतीचा आहे.

या गतिभेदाला इतिहास आहे. चित्रपटगृहातील फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. भारतीय दूरदर्शनने स्वीकारलेली पाल पद्धती २५ चौकटींची. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीची एनटीएससी पद्धती ठरली, तेव्हा पूर्वीच्या ३० चौकटींचा वेग किंचित उतरविण्यात आला आणि त्याच प्रमाणात फिल्मची २४ ही संख्या २३.९७६ झाली. पाल पद्धतीसाठी फिल्म उतरविताना ती सामान्यतः २५ च्या वेगाने पळविली जाते, आणि एका तासाचा चित्रपट ५७ मिनिटे ३६ सेकंदांत संपतो. २४ साठी बेतलेली उपशीर्षके अशा प्रतीला लावली तर शेवटच्या ओळी २ मिनिटे २४ सेकंद उशिरा पडतील. २३.९७६ व २४ यांतील फरक तासाला केवळ ३.६ सेकंदांचा; पण मुलाखतीत तेवढ्या वेळात प्रश्नकर्त्याचे वाक्य उत्तर देणाऱ्याच्या तोंडी पडू शकते.

यावरून निदानाची रीत निघते. आरंभीचे एक व शेवटचे एक संभाषण घेऊन दोन्ही ठिकाणचे अंतर मोजावे. अंतर समान असेल तर विलंब बदलावा. अंतर एकसारखे वाढत गेले असेल तर उपशीर्षक-संपादकाच्या साहाय्याने सर्व वेळा योग्य गुणोत्तराने ताणाव्या किंवा आखडाव्या. अंतर मध्येच एकदम बदलत असेल तर चित्रफितीची ही वेगळी संपादित प्रत आहे असे समजावे. संशोधकाला हा तिसरा निष्कर्ष मोलाचा आहे. कोणत्या प्रतीत कोणता भाग गाळला गेला याचा पुरावाच त्यातून हाती येतो.

४

दुसरे कलम लिपिसंकेताचे. मराठी वाचकाला सर्वांत अधिक त्रास याच ठिकाणी होतो, आणि त्याचे कारण देवनागरीच्या संगणकीय इतिहासात आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये आय. एस. १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. मानके अशी सिद्ध असतानाही मराठीतील मुद्रणव्यवसाय व कचेऱ्या पुढे दीर्घकाळ निराळ्याच मार्गाने चालल्या. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसविलेले फाँट सर्रास वापरात होते. अशा फाँटमध्ये लिहिलेला मजकूर त्या फाँटच्या बाहेर पडला की निरर्थक रोमन अक्षरे बनतो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय झाली. तथापि विंडोज एक्सपीमध्येही जोडाक्षरांच्या लिप्यांची सोय बहुधा निराळी चालू करून घ्यावी लागे.

या थरांची ओळख पटली की पडद्यावरचे विकृत चिन्ह हे लक्षण म्हणून वाचता येते. युनिकोडचा यूटीएफ-८ हा संकेत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये सिद्ध केला. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते व त्यांतील पहिला बाइट नेहमी तोच असतो. प्लेअरने हा मजकूर पश्चिम युरोपीय संकेत समजून वाचला तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे चलनाचे चिन्ह अशी जोडी पुनःपुन्हा दिसते. हे लक्षण शुभ समजावे. मजकूर शाबूत आहे. केवळ वाचन चुकले आहे. प्लेअरच्या मांडणीत उपशीर्षकांचा संकेत यूटीएफ-८ असा ठरविला की काम होते. निरर्थक परंतु साधी रोमन अक्षरे दिसत असतील तर मूळ लेखन जुन्या फाँटमधले आहे. तो फाँट ओळखून परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. रिकाम्या चौकटी दिसत असतील तर संकेत बहुधा बरोबर आहे, पण निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही, फाँट बदलावा.

सर्वांत अशुभ लक्षण प्रश्नचिन्हांचे. विंडोजमधील नोटपॅड हा संपादक २०१९ पर्यंत मजकूर ‘अॅन्सी’ या स्थानिक संकेतात जतन करण्याचा पर्याय आपण होऊन पुढे ठेवीत असे. देवनागरी मजकूर त्या संकेतात जतन करताना मिळणारी सूचना डावलली की प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिले जाई. येथे वाचन चुकलेले नसून लेखनच नष्ट झालेले असते. कोणत्याही उपायाने ते परत येत नाही; दुसरी प्रत शोधणे एवढेच उरते. म्हणून उपशीर्षकांची फाइल दुरुस्त करण्यास घेण्यापूर्वी तिची अस्पर्श प्रत बाजूला ठेवणे हा पहिला नियम होय.

५

तिसरे कलम आकाराचे. संकेत बरोबर, फाँटही बरोबर, तरी ‘विस्थापित’ या शब्दात वेलांटी ‘व’च्या मागे पडते व ‘स्था’ फुटून ‘स्’ आणि ‘था’ वेगळे दिसतात, असा अनुभव जुन्या प्लेअरवर येतो. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटीचा क्रम उच्चारानुसार व्यंजनानंतर असतो. ती व्यंजनाच्या आधी नेऊन दाखविणे व अर्धी अक्षरे जोडणे हे काम आकार-योजना करणाऱ्या वेगळ्या भागाचे असते. उपशीर्षके रेखाटणाऱ्या आज्ञावल्या प्रथम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून रचल्या गेल्या, आणि रोमनला हे काम लागत नाही. ‘हार्फबझ’ या मुक्त आकार-योजकाचा उपयोग ‘लिबॲस’ या रेखाटकात २०१० नंतरच्या वर्षांत सुरू झाला. पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेल्या ‘व्हीएलसी’ प्लेअरच्या साध्या मजकूर-रेखाटकात तो २०१८ च्या ३.० आवृत्तीबरोबर आला. अर्थात जोडाक्षरे फुटत असतील तर फाइलीला हात न लावता प्लेअरची नवी आवृत्ती घ्यावी. फुटलेले अक्षर दिसते म्हणून फाइलीतील वेलांट्यांची जागा बदलणे हा उपाय अपायकारक ठरतो. कारण पुढे योग्य प्लेअरवर तीच फाइल खरोखरीच अशुद्ध दिसू लागते.

चित्र अडखळण्याचा दोषही याच वर्गात येतो. येथे प्रथम उपशीर्षके बंद करून तोच भाग पुन्हा पाहावा. तरीही चित्र अडखळत असेल तर दोष चित्रफितीचा किंवा यंत्राच्या शक्तीचा आहे. उपशीर्षके बंद करताच चित्र सुरळीत होत असेल तर दोन शक्यता उरतात. काही प्लेअर प्रथमच उपशीर्षके दाखविताना संगणकावरील सर्व फाँटांची सूची तयार करतात. जुन्या यंत्रावर त्याला वेळ लागतो, व ती प्रक्रिया अर्ध्यावर तोडली तर पुढच्या खेपेस पुन्हा तीच सुरू होते. ती एकदा पुरी होऊ द्यावी. दुसरी शक्यता चित्र-उलगड्याची. चित्र उलगडण्याचे काम आलेख-चिपकडे सोपविलेले असताना प्रत्येक चौकटीवर अक्षरे चढविण्यात खोळंबा होऊ शकतो. अशा वेळी हार्डवेअरचे साहाय्य बंद करून पाहावे, किंवा रंग, छाया व हालचाल असलेल्या अलंकृत उपशीर्षकांऐवजी साधी एसआरटी फाइल वापरावी.

६

चौथे कलम नावाचे. बाह्य फाइल आपोआप लागावी यासाठी तिचे व चित्रफितीचे नाव सारखे असावे लागते. विंडोज फाइलीच्या नावाचे शेपूट सामान्यतः लपवून ठेवीत असल्याने एसआरटी वाटणारी फाइल वस्तुतः मजकुराच्या टीएक्सटी शेपटाची असते, व प्लेअर ती ओळखत नाही. शेपटे दिसतील अशी व्यवस्था केली की चूक कळून येते.

परंतु नावाचा प्रश्न येथेच संपत नाही, आणि धडगावच्या दृष्टीने खरा पेच याच ठिकाणी आहे. फाइलीच्या नावात किंवा चित्रफितीच्या आवरणात भाषेचा संकेत नोंदण्याची रीत आहे. मराठीला असा दोन अक्षरी संकेत आहे. भाषांच्या तीन अक्षरी संकेतांचे १९९८ चे आंतरराष्ट्रीय मानक पाहिले तर त्यात पावरीला स्वतंत्र स्थान नव्हते. ‘इतर भारतीय-आर्य भाषा’ या सामुदायिक संकेताखालीच तिची नोंद करणे शक्य होते. २००७ च्या विस्तृत मानकात ‘पावरी बारेली’ अशी वेगळी नोंद मिळते. शासकीय गणनेतही अशीच स्थिती आहे. २०११ च्या जनगणनेत ‘भिली/भिलोडी’ या एका शीर्षकाखाली एक कोटीहून अधिक भाषक दाखविले असून पावरी हे त्याखालील अनेक नावांपैकी एक आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ सालच्या खंडात भिली बोलींचा वेगळा गट केला, त्या वर्गीकरणाची छाया शंभर वर्षांनंतरही प्लेअरच्या भाषा-सूचीपर्यंत येऊन पोचते.

याचा परिणाम असा की पावरीत दिलेल्या साक्षीला बहुधा इंग्रजी, हिंदी किंवा मराठी उपशीर्षक मिळते. पावरी शब्द पावरीतच लिहिलेले उपशीर्षक विरळा. आतापर्यंत वर्णिलेले सर्व दोष दुरुस्त केले, काळ जुळला, संकेत बरोबर आला, अक्षरे नीट जुळली, तरी हा दोष तसाच राहतो. कारण तो संगणकाचा नव्हे, लेखनाचा आहे. दोन सेकंदांत वाचता येईल एवढ्या ओळीत भाषांतर बसविताना बोलणाऱ्याची पुनरुक्ती, नात्याची संबोधने, डोंगर-ओढ्यांची व देवस्थानांची नावे गळतात. संशोधक पुढे ते उपशीर्षकच साक्ष म्हणून उद्धृत करतो. मौखिक इतिहासाच्या ग्रंथात असे घडू नये याची काळजी घेता येते. निमगव्हाणचे केशवभाऊ व केवलसिंग वसावे यांच्या कथनावर आधारलेला नंदिनी ओझा यांचा ‘लढा नर्मदेचा’ (२०१७) हा ग्रंथ मराठीत उपलब्ध आहे, व तेथे कथनाला पानांची मुभा मिळाली आहे. चित्रफितीखालच्या दोन ओळींना ती मुभा नसते.

७

यावरून बाह्य उपशीर्षकाविषयी दोन परस्परपूरक निष्कर्ष निघतात. पहिला असा की चित्रात कोरलेल्या अक्षरापेक्षा बाह्य फाइल नाजूक असली तरी अभ्यासकाने तिचाच पक्ष घ्यावा. कोरलेले भाषांतर अंतिम असते. बाह्य फाइल दुरुस्त होते, तिच्याशेजारी दुसरी ठेवता येते. धडगावच्या एखाद्या तरुण पावरी भाषकाला जुन्या चित्रणातील भाषांतर चुकीचे वाटले तर मूळ चित्राला धक्का न लावता त्याला आपले वाचन मांडता येते, आणि तोच शब्दशः पावरी मजकूर देवनागरीत उतरवून तिसरी फाइलही सिद्ध करू शकतो. दोन वाचने शेजारी ठेवून तपासणे हे पाठचिकित्सेचे जुनेच शास्त्र होय.

दुसरा निष्कर्ष असा की अध्याहृत करार लेखी केला पाहिजे. चित्रफितीसोबत ठेवलेल्या एका लहान टिपणात चौकटींचा वेग, प्रतीची एकूण लांबी, लिपिसंकेत, भाषेचे नाव, भाषांतर कोणत्या भाषेवरून व कोणी केले आणि दुरुस्तीची तारीख एवढ्या गोष्टी नोंदविल्या तर वर वर्णिलेले बहुतेक दोष उद्भवताच ओळखू येतील. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी, तिच्या प्रती निराळ्या ठिकाणी ठेवाव्या, आणि शब्दशः लेखनाची फाइल भाषांतराच्या फाइलीपासून अलग असावी.

नर्मदाकाठचे पाडे जेथे होते तेथे आज पाणी आहे. तेथील बोलणे चित्रफितीत राहिले. परंतु ऐकणाऱ्याला ते समजणे हे एका मजकूर-फाइलीच्या शुद्धतेवर अवलंबून आहे. त्या फाइलीत प्रश्नचिन्हे भरली, किंवा एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी पडले, तर साक्षीदार पडद्यावर बोलत असूनही नोंदीत मुका राहतो. म्हणून बाह्य उपशीर्षकाची दुरुस्ती ही यंत्र चालविणाऱ्याची किरकोळ कामगिरी न समजता साधनचिकित्सेचा भाग समजली पाहिजे. हस्तलिखिताची वाळवी झाडण्याइतकेच ते इतिहासकाराचे काम आहे.